चाळीचं वॉल हँगिंग करतेय, आधी कशिदा की आधी गोधडीचे दोरे?

कांदेवाडीकरीण

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी इथे चर्चेचा धागा काढतेय, कारण अडलेय आणि घरात विचारायला कोणी नाही. आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आई आता माझ्याकडे दहिसरला असते. तिला चाळ सारखी आठवते, म्हणून म्हटलं तिच्या खोलीसाठी आमच्या मजल्याच्या गॅलरीचं वॉल हँगिंग करू. ३६ इंच रुंद, २४ उंच. वर मंगलोरी कौलं, खाली लाकडी कठडा, चार दारं, कोपऱ्यात डालड्याच्या डब्यातली तुळस आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. कपडे खरे आहेत बरं का, म्हणजे आईच्या नऊवारीचा तुकडा, बाबांच्या शर्टाची चौकडी, माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचा निळा, असे छोटे छोटे कापून काजटाक्याने लावलेत.

तर झालं असं की कठडा आणि तुळस मी अँकर कंपनीच्या दोऱ्याच्या सहाही पदरांनी भरीव टाक्यात भरली, अगदी गच्च, दोन महिने लागले. मग खाली वॅडिंग (मधला मऊ भरावाचा थर), त्याखाली अस्तर आणि गोधडीसारखे दोरे घालायला घेतले. आता मधला भाग आक्रसून घट्ट झालाय आणि चारी कडांना फ्रीलसारख्या लाटा आल्यात. जमिनीवर अंथरलं की एक कोपरा बसवावा तर दुसरा उठतो. वरून अजून एक, डिझाइन पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने काढलं होतं आणि मी पाणी न लावताच इस्त्री फिरवली. कौलांच्या वरच्या बाजूला तपकिरी रेघ उमटलीये ती जातच नाही.

उसवू का? की कशिदा आणि गोधडी एकत्र करायची माझी कल्पनाच चुकली? आईच्या साडीचा तुकडा परत मिळणार नाहीये म्हणून जीव तुटतोय.

वसईची_सुई

अगं कल्पना अजिबात चुकलेली नाही, क्रमही बरोबर आहे, फक्त मधली एक पायरी राहिली. भरीव कशिदा कापडाला ओढतो म्हणजे ओढतोच, रिंग कितीही घट्ट लावली तरी. म्हणून वरचं कापड चारी बाजूंनी दोन दोन इंच जास्त घ्यायचं, सगळा कशिदा एकेरी कापडावर उरकायचा, मग धुऊन, टर्किश टॉवेलवर पालथं ठेवून उलट्या बाजूने इस्त्री करायची म्हणजे टाके चपटे होत नाहीत, आणि त्यानंतर मापात कापायचं. तू बहुतेक आधीच मापात कापलंस.

दुसरं म्हणजे कापडाच्या मागे मलमल लावलीस का? मी पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर काही करायचं असेल तर मागून मलमलीचा एक थर कच्च्या टाक्यांनी जोडते आणि दोन्हीतून मिळून कशिदा करते. त्याने कापड कमी आक्रसतं, मागचे काळे-लाल दोरे पुढून दिसत नाहीत आणि जुन्या साडीला आधार मिळतो.

कांदेवाडीकरीण

नाही लावली :( आणि हो, आधीच कापलंय. मांजरपाट आहे, नवीनच होतं, धुतलंही नव्हतं.

लालबाग_टेलर

ताई, मी व्यवसायाने शिंपी, ३५ वर्षं मशीनवर गेली. माझी आई गिरणीतले फेंट, म्हणजे उरलेले कापडाचे तुकडे, आणून गोधड्या शिवायची. ८२ च्या गिरणी संपात तर तेच घर चालवायचं साधन होतं, खोलीतली खाट उभी करून आम्ही जमिनीवर गोधडी पसरायचो आणि जेवायची वेळ झाली की गुंडाळायचो. तिचं एक सांगणं होतं की गोधडीत दोरा सगळीकडे सारखा पडला पाहिजे. एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ झाला की कापड रुसतं. तुमचं नेमकं तेच झालंय. दाट टाक्यांचा भाग गोळा होतो आणि विरळ भागातलं कापड तेवढंच राहतं, ते जाणार कुठे, ते लाटा मारतं. उलटं असतं तर, म्हणजे कडेला दाट आणि मध्ये विरळ, तर मध्ये पोट सुटलं असतं.

गोधडीचे दोरे उसवा. कशिद्याला आणि कपड्यांना हात लावू नका. उसवताना कात्री चालवू नका, दर चौथा टाका तोडून मागच्या बाजूने दोरा ओढा, सरळ निघतो.

निळी_दौत

या विषयावर बोलायला मी टपलेलीच असते त्यामुळे थोडं लांबण लावते, राग मानू नका.

कांदेवाडीकरीण, तुझ्या प्रश्नात कशिदा आणि गोधडी ही दोन वेगळी कामं आहेत, एक दिसण्यासाठी आणि एक धरून ठेवण्यासाठी. पण आपल्याकडे हे असं कधी वेगळं नव्हतंच. बंगालचा कांथा बघ, जुन्या साड्यांचे थर एकावर एक आणि त्यातून धावदोरा, आणि त्याच धावदोऱ्याने मासे, हत्ती, कमळं. मधल्या रिकाम्या जागेतही आकृतीच्या कडेकडेने धावदोऱ्याच्या रांगा फिरतात, त्यामुळे कापडाला ती बारीक लहर येते. बिहारच्या मुजफ्फरपूरकडच्या भुसुरा गावची सुजनी बघ, तिथे आकृतीची कड साखळी टाक्याची आणि पोट धावदोऱ्याने भरलेलं. त्यात तर बायकांनी स्वतःचं आयुष्य काढलंय, हुंडा, दारू, पंचायत, सगळं. थर धरून ठेवणारा टाकाच तिथे चित्र काढतो.

परदेशातलंही एक उदाहरण मला फार आवडतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सिसिलीत बनलेली ट्रिस्टनच्या कथेची गोधडी आहे, साधारण १३६० ते १४०० मधली. दोन लिनन कापडं, तपकिरी आणि पांढरा दोरा, आणि माणसं, घोडे, जहाजं यांच्या आत कापूस भरून उठाव दिलेला. रंग जवळजवळ नाहीतच. तरी जहाजाचं शीड फुगलेलं दिसतं, कारण ते खरंच फुगलेलं आहे!

तुझ्या चाळीत हे कुठे करता येईल ते सांगते. कौलं. तू कौलं भरतकामाने करायच्या विचारात आहेस का? नको करूस. कौलांचे अर्धगोल हे गोधडीच्या दोऱ्यांनीच काढ, तिन्ही थरांतून. एकाखाली एक अर्धगोलांच्या रांगा, प्रत्येक रांग अर्ध्या घराने सरकलेली. मधला कापूस प्रत्येक कौलाला आपोआप फुगवेल आणि खालचा भाग जेवढा दाट आहे तेवढाच वरचाही होईल, म्हणजे लालबागकाकांच्या आईंची अटही पूर्ण.

कांदेवाडीकरीण

निळी_दौत, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. कौलं मी खरंच साखळी टाक्याने भरणार होते!! आणि ती तपकिरी रेघ कौलांच्याच पट्ट्यात आहे.

लालबाग_टेलर

मग ती रेघ लपवायचा मार्गही निघाला. पहिली रांग बरोब्बर त्या रेघेवर घ्या, गेरूच्या रंगाचा जाड दोरा वापरा. इस्त्रीने बसलेला तो डाग धुऊन जाईलच असं नाही, त्याच्यामागे लागून कापड चोळू नका. यापुढे निळं पेन वापरलं तर आधी गार पाण्यात बुडवून सगळी निळाई घालवायची, वाळवायचं आणि मगच इस्त्री. मी तर साबणाची झिजलेली वडी वापरतो, गडद कापडावर तिच्यासारखं काही नाही.

डब्यातली_अबोली

इस्त्रीने गायब होणारं पेनही मिळतं हल्ली, पण त्याची शाई खूप थंडीत परत दिसायला लागते. माझ्या नणंदेला कॅनडात पाठवलेल्या रुमालावर हिवाळ्यात सगळं डिझाइन उगवलं होतं. मुंबईत राहणार असेल तर ठीक, तरी मी वापरत नाही.

मी अंबरनाथहून सीएसएमटीला जाते, माझं सगळं भरतकाम लेडीज डब्यात होतं. तीन वर्षांत पाच वॉल हँगिंग केली ती सगळी तुकड्यातुकड्यांत, कारण एक तर गाडीत मोठं कापड उघडता येत नाही आणि दुसरं म्हणजे आमच्या वन रूम किचनमध्ये ३६ इंच कापड सपाट पसरायला जागा म्हणजे पलंग, आणि पलंगावर कायम कोणीतरी असतंच. मी बारा बारा इंचांचे चौकोन करते. एका चौकोनाचा कशिदा गाडीत, मग घरी त्याच चौकोनाला वॅडिंग आणि अस्तर लावून त्याचे दोरे तिथेच घालून टाकते, कडेला मात्र एक इंच बिनदोऱ्याचा ठेवायचा. सगळे झाले की वरची कापडं सुलट बाजूला सुलट बाजू ठेवून जोडायची, वॅडिंग एकमेकांवर चढवायचं नाही, कडेला कड भिडेल एवढंच कापायचं, आणि अस्तराची एक बाजू दुसरीवर दुमडून हाताने घालायची. मग राहिलेल्या इंचात दोरे पूर्ण करायचे. पुढच्या वेळी करून बघ, तुझ्या चाळीला तर चार दारं आहेत म्हणजे एका दाराचा एक तुकडा असे चार तुकडे आयतेच पडले असते.

वसईची_सुई

अबोली भारीच. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आता मापाचं. उसवल्यावर कापड गार पाण्यात ओलं कर, पण त्याआधी प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर आणि साडीच्या तुकड्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघ, लाल आणि मरून हमखास दगा देतात. रंग लागत नसेल तरच भिजव. मग गादीवर जुनी चादर घाल, त्यावर कापड ताणून चारी बाजूंना टाचण्या लाव आणि दोन्ही कर्ण मोज. कर्ण सारखे आले की चौकट सरळ. पंख्याखाली रात्रभर राहू दे. सगळं आक्रसलेलं सुटेल असं नाही पण निम्म्याहून जास्त सुटतं.

जे कमी पडेल तेवढा काठ लाव. काठाचं माप कडेवरून घ्यायचं नाही, कडा ताणलेल्या असतात, मधोमध आडवं आणि मधोमध उभं मोजायचं आणि त्याच मापाचे काठ कापून त्यात कापड बसवायचं. लाटा तिथेच मोडतात.

कांदेवाडीकरीण

काठासाठी आईच्या इरकलचा काठ आहे! करवतकाठी नाही, साधा गोमी. पण तो रेशमी आहे आणि घडीवर थोडा विरलाय.

निळी_दौत

विरलेल्या रेशमाला मागून पातळ चिकट बकरम लाव, अगदी हलकं, इस्त्री मध्यम ठेवून आणि आधी कोपऱ्यात तपासून. विरलेल्या घडीवरून सुई घालू नकोस, दोन्ही बाजूंनी घे. आणि काठ जड होणार, त्यामुळे वॅडिंग पातळ हवं. तू कुठलं घेतलंयस?

कांदेवाडीकरीण

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतून आणलं, त्याने २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) दिलं. म्हणाला रजईला हेच नेतात.

लालबाग_टेलर

रजईला बरोबर आहे, भिंतीला नाही. तेवढ्या जाडीत हाताने बारीक टाका येत नाही, सुई तिरकी जाते, आणि टांगल्यावर स्वतःच्या वजनाने खाली झोळ पडतो. ८० ते १०० पुरे. किंवा वॅडिंग बाजूला ठेवा आणि आपली जुनी रीत करा, मऊ झालेल्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन थर घाला. पडतं सपाट, सुई लोण्यासारखी जाते आणि भिंतीवर ओळंब्यात राहतं. कौलं मात्र कमी फुगतील, ते तुम्ही ठरवा.

निळी_दौत

दोन्ही करता येईल की. सगळीकडे साडीचे दोन थर आणि फक्त कौलांच्या पट्ट्याखाली पातळ वॅडिंगची एक पट्टी जास्तीची. तुळशीच्या डब्यालाही मागच्या अस्तरातून छोटी चीर देऊन थोडा कापूस भरता येतो, मग चीर शिवून टाकायची. कापूस चिमूटचिमूट, सुईच्या बोथट टोकाने सरकवत. एकदम कोंबला तर भरीव टाके फाकतात.

खिडकीपाशी

थोडं अवांतर होईल, पण कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात, त्यांच्या बायका गोधडी कडेपासून सुरू करतात आणि फिरत फिरत मध्यावर येऊन संपवतात. तुकडा ठेवायचा, कड दुमडायची आणि धावदोऱ्यातच तो बसवत पुढे जायचं, म्हणजे तुकडे जोडणं आणि गोधडी घालणं एकाच दोऱ्यात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांचा फुला लावतात, त्याशिवाय गोधडी उघडी वाटते म्हणतात. कांदेवाडीकरीण, तुझे वाळत घातलेले कपडे या पद्धतीने सुंदर बसतील, काजटाक्याच्या कडेवरून नुसता एक धावदोरा तिन्ही थरांतून फिरव.

डब्यातली_अबोली

फुला!! मी हे करणारच.

एक शंका आहे, सगळे म्हणतायत आधी कशिदा मग गोधडी. पण मी गाठीचे टाके नेहमी शेवटी घालते, तिन्ही थरांतून. आधी घातले तर रिंगमध्ये आणि इस्त्रीखाली चिरडतात. बरोबर ना?

वसईची_सुई

अगदी बरोबर, मीपण. माझा क्रम असा असतो: भरीव टाका, गहू टाका, देठ टाका असं जे कापडाला ओढतं ते आधी एकेरी कापडावर. धावदोरा, सुटे टाके, गाठी, टिकल्या, मणी हे शेवटी. आणि भरीव कशिद्याच्या अंगावरून गोधडीचा दोरा कधीच न्यायचा नाही, त्याच्या कडेला अगदी लागून एक फेरा घालायचा. त्या एका फेऱ्याने कशिदा असा वर उचलला जातो की बघत राहावं.

कांदेवाडीकरीण

बारा दिवसांनी आले, सांगण्यासारखं झालंय म्हणून.

सगळे गोधडीचे दोरे उसवले, दोन रात्री लागल्या. रंग तपासले, युनिफॉर्मचा निळा जरासा सुटत होता म्हणून तेवढा भाग न भिजवता बाकीचं ओलं केलं. गादीवर टाचण्या लावून ठेवलं, कर्णांत पाऊण इंचाचा फरक होता तो पाव इंचावर आला. मंगलदास मार्केटमधून गेरू रंगाचं सुती कापड आणलं कौलांखाली लावायला, रविवारी गेले तर बंद, मग मंगळवारी हाफ डे टाकला. आतमध्ये आईच्याच दोन सुती साड्या घातल्या, त्यातली एक मी बाळ असताना दुपट्यासाठी अर्धी फाडलेली होती.

कौलं काढायला वाटी वापरली, आमटीची. आठ नंबरचा पर्ल दोरा, जरा मोठ्या नेढ्याची सुई. सुरुवातीला टाके इंचाला तीन पडत होते, तिसऱ्या रांगेपासून पाच-सहा पडायला लागले. दोऱ्याची गाठ आत कशी घालायची ते काकांनी मेसेजमध्ये सांगितलं, इथेही लिहिते कारण मला माहीतच नव्हतं: गाठ मारून सुई जिथून काढायची त्याच्या इंचभर अलीकडे वरच्या कापडातून आत घालायची आणि हलका झटका द्यायचा, टप् असा बारीक आवाज होतो आणि गाठ आत अडकते. तो आवाज मला इतका आवडायला लागला की मी गरज नसताना दोरे छोटे घ्यायला लागले.

सात रांगा झाल्या. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आडवं आलं की प्रत्येक कौलाच्या खाली सावली पडते. रेघ कुठे होती ते आता मलाही सापडत नाही.

आता टांगायचं कसं? खिळ्याला लूप लावू का?

लालबाग_टेलर

लूप नको, मधल्या मध्ये कापड झुकतं. मागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची नळी करा, पूर्ण लांबीची, दोन्ही टोकांना इंच इंच कमी. हाताने घाला, टाका अस्तर आणि आतल्या थरात जाऊ द्या, पुढे फुटू देऊ नका. नळीची बाहेरची बाजू किंचित सैल ठेवा म्हणजे पट्टी घातल्यावर पुढून वळ उठत नाही. लाकडी पट्टी असेल तर तिला पॉलिश मारून पूर्ण वाळवा, कच्च्या लाकडाचा डाग कापडावर येतो.

निळी_दौत

आणि मुंबईची हवा. बाहेरच्या भिंतीवर लावू नकोस, पावसात तिथेच ओल येते. आतल्या भिंतीवर, खिडकीच्या समोर नाही, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना मागे बुचाचे तुकडे चिकटव म्हणजे भिंत आणि कापड यांच्यात हवा खेळेल. जून ते सप्टेंबर उतरवून ठेवलंस तर उत्तम. घडी नाही घालायची, जुन्या सुती चादरीत गुंडाळायचं आणि कशिद्याची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, चुण्या मग अस्तराला पडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कदापि नाही. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघायचं, डांबराच्या गोळ्या कापडाला लागू द्यायच्या नाहीत.

कांदेवाडीकरीण

काल लावलं. आईला आधी दाखवलं नव्हतं, ती दुपारी झोपली होती तेव्हा मी आणि मुलाने पट्टी चढवली. उठल्यावर चष्मा लावला आणि जवळ जाऊन उभी राहिली. बोलली काही नाही. कौलांवरून बोट फिरवलं, मग दोरीवरच्या प्रत्येक कपड्याला हात लावला, बाबांच्या शर्टापाशी जरा थांबली. मग तिसऱ्या दारावर बोट ठेवून म्हणाली, "इथला हंडा कुठाय? पाणी पहाटे चारला यायचं, हंडा रात्रीच बाहेर लावलेला असायचा."

खरंच की. विसरलेच होते मी.

आता भरीव टाका नाही, रिंगही नाही, सगळं शिवून झालंय. तिन्ही थरांतूनच धावदोऱ्याच्या जवळजवळ रांगांनी हंडा काढणार, कांथ्यासारखा, आणि काठावर गाठीचे टाके. आजूबाजूच्या दोऱ्यांशी दाटपणा जुळेल असं बघते. तांब्याच्या जुन्या हंड्याचा, चिंचेने घासलेल्या नाही, थोडा काळवंडलेला असा रंग हवाय. दोन छटा एका सुईत ओवल्या तर जमेल का? कोणी केलंय का असं?

लालबाग_टेलर

जमेल. गेरूचे दोन पदर आणि काळपट तपकिरीचा एक. आधी उरलेल्या चिंधीवर चार रांगा घालून बघा आणि फोटो टाका.